किरणोत्सारी कचरा कसा साठवावा, कसा मोकळा करावा: कोकणातल्या रुग्णालयांसाठी

डिके रूममधली, म्हणजे किरणोत्सार आपोआप उतरेपर्यंत कचरा ठेवायच्या खोलीतली, पिशवी दोन महिने झाले तरी मीटरवर वाजते. तिचं वय वाढवून बघता, आणखी पंधरा दिवस ठेवता, तरी वाजते. कारण बहुतेक वेळा दोन महिन्यांपूर्वीच्या एका मिनिटात सापडतं: घाईत कुणीतरी आयोडीनचा कापूस टेक्निशियमच्या बादलीत टाकला. एकदा मिसळलेला किरणोत्सारी कचरा पुन्हा निवडत बसणं म्हणजे विनाकारण डोस घेणं. म्हणून खालचा क्रम पाळायचा, आणि त्यातही टप्पा ३ आणि ४ सगळ्यात काटेकोर.

हा लेख न्यूक्लिअर मेडिसिन विभागातल्या, म्हणजे किरणोत्सारी औषधांनी तपासणी आणि उपचार होतात तिथल्या, कचऱ्याबद्दल आहे: सिरिंज, कापूस, हातमोजे, वायल (औषधाच्या छोट्या बाटल्या), वॉर्डातलं अन्न आणि कपडे, टाकीतलं सांडपाणी. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या कचऱ्याशी त्याचा संबंध नाही. तिथला कचरा वेगळा, त्याची पद्धत वेगळी, आणि नातेवाइकांशी बोलताना हा फरक सांगावाच लागतो.

सुरू करण्याआधी: कागद आणि माणूस

किरणोत्सारी पदार्थ वापरायला आणि त्याच्या कचऱ्याची विल्हेवाट लावायला अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे एईआरबीची, परवानगी लागते. अर्ज ई-लोरा प्रणालीतून जातो. विल्हेवाटीला १९८७ चे नियम लागू होतात. विभागात मंजूर आरएसओ, म्हणजे किरणोत्सार सुरक्षा अधिकारी, हवा. पुढचं प्रत्येक 'मोकळं', म्हणजे किरणोत्सार उतरलेली वस्तू साधा कचरा म्हणून सोडणं, त्याच्या सहीने होतं, टेक्निशियनच्या अंदाजाने नाही. आरएसओ सुट्टीवर असेल तर कचरा थांबतो. गणपतीत अर्धा विभाग गावी जातो हे दरवर्षी माहीत असतं, तेव्हा मोकळ्या करायच्या पिशव्या चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात उरकून घ्या.

परवान्यातली एखादी अट इथल्या आकड्यापेक्षा कडक असेल तर परवान्यातलीच पाळायची.

टप्पा १. जागा, आगोटीच्या आधी

डिके रूम शोधताना सगळे भिंतीची जाडी विचारतात. कोकणात पहिला प्रश्न पाण्याचा. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा तळमजल्यावरचं जे काही तरंगू शकत होतं ते तरंगलं. कापूस आणि हातमोज्यांनी भरलेला प्लॅस्टिकचा ड्रम हलका असतो. पाणी आलं की तो होडीसारखा निघतो आणि झाकण कुठे उघडेल ते सांगता येत नाही. शिशाची भांडी जागेवर राहतात, ड्रम राहत नाहीत.

- तळघर नको. जमिनीलगतची खोली असेल तर आजवर चढलेल्या पाण्याच्या खुणेच्या वर ओटा बांधा. ड्रम ओट्यावर ठेवून पट्ट्याने भिंतीतल्या कडीला बांधा.
- जांभ्याचा चिरा पाझरतो. आतून सिमेंटचा गिलावा आणि त्यावर धुता येणारा इपॉक्सी रंग हवा. उघड्या चिऱ्यावर काही सांडलं तर ते आत मुरतं आणि नंतर चिरा काढावा लागतो.
- जमिनीला सांधे नसलेली पीव्हीसी शीट घाला आणि ती भिंतीवर चार बोटं चढवा. लादीच्या सांध्यात आयोडीन बसलं की घासून निघत नाही.
- पंख्याने हवा बाहेर टाकायची सोय स्वतंत्र हवी. ही खोली एसीच्या सामायिक डक्टला जोडू नका, कारण आयोडीन हवेत उडतं.
- खिडकीला बारीक जाळी आणि दाराखाली पट्टी लावा. घूस, उंदीर, मुंग्या अन्नाच्या वासाने येतात आणि कचरा घेऊन जातात.
- साध्या लोखंडी ट्रॉल्या आणि कपाटं खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजतात. एचडीपीईचे ड्रम आणि स्टेनलेसची ट्रॉली घ्या.

दाराला कुलूप आणि बाहेर तीन पाकळ्यांचं चिन्ह लावा. चावी आरएसओकडे, दुसरी सीलबंद पाकिटात.

*तपासणी:* मे महिन्याच्या शेवटी खोलीच्या छपरावर आणि बाहेरच्या भिंतीवर तासभर पाइपने पाणी सोडा. आत ओल दिसली तर सात जूनच्या आधी दुरुस्त करता येते, नंतर नाही.

टप्पा २. मीटर

दोन यंत्रं लागतात. एक सर्व्हे मीटर, जो डोसचा दर तासाला मायक्रोसिव्हर्टमध्ये दाखवतो. दुसरा कंटॅमिनेशन मॉनिटर, पातळ खिडकीचा, जो सेकंदाला किती मोजण्या होतात ते दाखवतो. एकाचं काम दुसऱ्यावर ढकलू नका. पृष्ठभागावरचा थोडासा डाग सर्व्हे मीटरला दिसतच नाही.

कोकणातला दमट उन्हाळा आणि पावसाळा या यंत्रांना मानवत नाही. प्रोबच्या सांध्यात ओल गेली की उच्च दाबाची वीज गळते आणि काटा विनाकारण उड्या मारतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे काही दाखवतच नाही. मीटर हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. पुडीचा रंग बदलला की ती ओव्हनमध्ये सुकवा. आठवडाभर वापर नसेल तर सेल काढून ठेवा. खाऱ्या हवेत सेलच्या टोकांना हिरवट बुरशीसारखा थर येतो आणि मीटर ऐन वेळी बंद पडतो.

रोज सकाळी तीन गोष्टी: सेलची पातळी, चेक सोर्सवरचं (मीटर तपासायच्या छोट्या सीलबंद स्रोतावरचं) वाचन, बॅकग्राउंड (जवळ कचरा नसतानाही दिसणारं नेहमीचं वाचन). चेक सोर्सचं वाचन नेहमीच्या आकड्यापासून २० टक्क्यांहून जास्त सरकलं तर त्या मीटरने काहीही मोकळं करू नका. चेक सोर्सचंही अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ) असतं, तेव्हा 'नेहमीचा आकडा' दरवर्षी नव्याने मांडा.

*सावध:* आयोडीन-१२५ चे किरण इतके क्षीण असतात की साधा जीएम (गायगर-म्युलर) सर्व्हे मीटर ते जवळपास चुकवतो. आरआयए प्रयोगशाळेच्या (जिथे किरणोत्सारी आयोडीन वापरून रक्ताच्या चाचण्या होतात) नळ्या या मीटरवर शांत दिसल्या म्हणून टाकू नका. त्याला पातळ सोडियम आयोडाइडचा प्रोब लागतो.

टप्पा ३. कचरा होतो तिथेच वेगळा करा

हॉट लॅब (जिथे डोस तयार होतात), इंजेक्शन रूम आणि आयोडीनचा वॉर्ड, प्रत्येक ठिकाणी कचऱ्याची बादली समस्थानिकाप्रमाणे वेगळी हवी. वेगळं करण्याचं कारण अर्धायुष्य:

- फ्लोरिन-१८: ११० मिनिटं. गॅलियम-६८: ६८ मिनिटं.
- टेक्निशियम-९९एम: ६ तास.
- मॉलिब्डेनम-९९: ६६ तास.
- ल्युटेशियम-१७७: ६.६५ दिवस.
- आयोडीन-१३१: ८ दिवस.
- आयोडीन-१२५: जवळपास ६० दिवस.
- जर्मेनियम-६८: २७१ दिवस.

तासांचे एका बाजूला, दिवसांचे दुसऱ्या बाजूला, महिन्यांचे तिसऱ्या. दिवसांच्या गटातही आयोडीन-१३१ आणि ल्युटेशियम-१७७ एका बादलीत टाकू नका. अर्धायुष्यं जवळची आहेत हे खरं, पण ल्युटेशियमला एक शेपूट आहे. थेट मार्गाने, म्हणजे ल्युटेशियम-१७६ वर न्यूट्रॉनचा मारा करून तयार केलेल्या मालात ल्युटेशियम-१७७एम हा अंश असतो आणि त्याचं अर्धायुष्य सुमारे १६० दिवस. म्हणून ल्युटेशियमची पिशवी सुरुवातीला भराभर उतरते आणि मग एका पातळीवर अडून बसते. पुरवठादाराच्या कागदावर तयार करण्याची पद्धत लिहिलेली असते. ती वाचा आणि पिशवीच्या चिठ्ठीवर उतरवा.

टेक्निशियमच्या पिशवीतही असाच अडसर कधी येतो. जनरेटरमधून (मॉलिब्डेनमपासून टेक्निशियम मिळवायच्या उपकरणातून) मॉलिब्डेनम थोडं झिरपलं असेल तर साठ तासांनंतरही वाचन खाली जात नाही. आणखी ठेवून पुन्हा मोजा. दर वेळी असंच होत असेल तर अडचण कचऱ्यात नाही, जनरेटरमध्ये आहे.

सुया. टोपण परत लावू नका. नीडल कटर वापरू नका: सुई तुटताना आतला थेंब उडतो आणि कटर कायमचा दूषित होतो. सुईसकट सिरिंज शिशाच्या आवरणातल्या, भोक न पडणाऱ्या डब्यात टाका. डबा पाऊण भरला की बंद.

आवरण. टेक्निशियमला एक मिलिमीटर शिसं किरण जवळपास दहापट कमी करतं. आयोडीन-१३१ ला तेवढ्याच परिणामासाठी सेंटिमीटरभर जाडी लागते. म्हणजे टेक्निशियमच्या बादलीचं आवरण आयोडीनच्या बादलीला पुरत नाही, आणि अर्ध्या मिलिमीटरचा लेड ॲप्रन आयोडीनपुढे फारसा कामाचा नाही. ॲप्रन घातला म्हणून बादलीजवळ जास्त वेळ उभं राहणं हा उलटा व्यवहार. फॉस्फरस-३२ असेल तर आतून ॲक्रिलिक, शिसं त्याच्या बाहेर. थेट शिसं लावलं तर बीटा कण शिशात अडताना एक्स-किरण तयार करतात.

जेवण. आयोडीनच्या वॉर्डातून परत येणारं उष्टं अन्न ही डिके रूमची सगळ्यात ओंगळ समस्या. आयोडीन लाळेतून बाहेर पडतं, त्यामुळे चावून टाकलेलं सगळं दूषित. मासे तसेही उपचाराआधीच्या लो-आयोडीन आहारात बंद असतात, पण शेवग्याच्या शेंगांचा चोथा, आंब्याची बाठ, उसाचा चघळ, चिकनची हाडं ताटात उरतातच. मग तीच पिशवी ऐन पावसात दोन महिने कुजत पडते. स्वयंपाकघराला लेखी यादी द्या: हाड, साल, बाठ, चोथा उरेल असं काही नको. फळ कापून, सोलून. भात-आमटी मोजकी, पुन्हा मागितली तर पुन्हा. ताटवाट्या वापरून टाकण्याच्या. उरलेलं अन्न फ्रीझरमध्ये ठेवत असाल तर तो फ्रीझर विजेच्या जनरेटरच्या लाइनवर घ्या. वादळात वीज दोन-दोन दिवस जाते.

*सावध:* आयोडीनचा कचरा हायपोक्लोराइटमध्ये बुडवू नका. जैववैद्यकीय कचऱ्याची सवय म्हणून मावशी किंवा वॉर्डबॉय हे आपणहून करतात. ब्लीच आयोडाइडचं रूपांतर उडणाऱ्या आयोडीनमध्ये करतं आणि ते श्वासातून थायरॉइडमध्ये जातं. ऑटोक्लेव्हही नको. निर्जंतुकीकरण लागणार असेल तर ते मोकळं झाल्यावर. हा नियम बादलीवरच मोठ्या अक्षरांत मराठीत चिकटवा, कारण तोंडी सांगितलेला नियम पुढच्या पाळीपर्यंत पोचत नाही.

टप्पा ४. चिठ्ठी

पिशवी दोन-तृतीयांश भरली की तोंड पिळून दुमडून बांधा, दुसऱ्या पिशवीत घाला, पुन्हा बांधा. मग चिठ्ठी. तिच्यावर:

१. समस्थानिक (एकच).
२. पिशवी बंद केल्याची तारीख आणि वेळ.
३. बंद करताना पृष्ठभागावरचं सर्वांत जास्त वाचन, आणि कोणत्या मीटरने.
४. कचऱ्याचा प्रकार: कापूस-मोजे, प्लॅस्टिक, काच, धारदार, कपडे, अन्न.
५. अंदाजे मोकळी होण्याची तारीख.
६. बांधणाऱ्याची सही.

दुसरा मुद्दा पुन्हा वाचा. तारीख पिशवी *बंद* केल्याची, पहिला कापूस पडला त्याची नाही. आणि बंद केलेली पिशवी पुन्हा उघडून 'एवढंच एक' टाकलं की आधीची तारीख रद्द. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

कागदी चिठ्ठी ऑगस्टपर्यंत टिकत नाही. जेल पेनची शाई दमट हवेत पसरते, थर्मल प्रिंटरची अक्षरं फिकी पडतात, गोंद सुटतो. लॅमिनेट केलेला टॅग केबल टायने बांधा, त्यावर परमनंट मार्करने लिहा, आणि पिशवीला क्रमांक देऊन तोच रजिस्टरमध्ये चढवा. रजिस्टरमध्ये शिसपेन्सिल चालत असती तर ती सर्वांत टिकाऊ ठरली असती. पण सहीच्या नोंदीला पेन्सिल चालत नाही, तेव्हा बॉलपेन.

मोकळी होण्याची तारीख कशी काढायची

लॉगरिदम नको. वाचन अर्धं करत जा. समजा आयोडीन-१३१ ची पिशवी १ जूनला बंद केली, पृष्ठभागावर तासाला ४० मायक्रोसिव्हर्ट, आणि तुमच्याकडचं बॅकग्राउंड ०.१५. मग ४०, २०, १०, ५, २.५, १.२५, ०.६, ०.३, ०.१५. आठ वेळा अर्धं झालं. आठ गुणिले आठ, चौसष्ट दिवस. म्हणजे ४ ऑगस्ट. हे झालं पिशवीचं स्वतःचं वाचन बॅकग्राउंडएवढं उतरायला. मीटरवर दोन्ही मिळून ०.३ दिसेल. आणखी दोन-तीन अर्धायुष्यं जोडा आणि चिठ्ठीवर ऑगस्टचा शेवट लिहा.

'दहा अर्धायुष्यं झाली की कचरा मोकळा' हे वाक्य विभागाविभागांत ऐकू येतं. दहा अर्धायुष्यांत हजारातला एक भाग उरतो, एवढंच त्यातलं खरं. १०० मिलिक्युरीची (क्युरी हे किरणोत्साराच्या प्रमाणाचं एकक) वायल असेल तर ८० दिवसांनी तिच्यात अजून १०० मायक्रोक्युरी असतात आणि मीटर जवळ नेताच तो चांगला वाजतो. दहाचा नियम पहिला अंदाज म्हणून ठेवा. दाखला मीटर देतो.

टप्पा ५. साठवण

तारखेच्या क्रमाने मांडा, आधी मोकळी होणारी पुढे. जास्त वाचनाच्या पिशव्या आतल्या कोपऱ्यात, दारापासून लांब. पलीकडच्या खोलीत कोण बसतं ते पाहा. भिंतीपलीकडे एखादा कारकून रोज आठ तास खुर्ची टाकून बसत असेल तर तिथलं वाचन घ्या. सामान्य माणसासाठी वर्षाची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट आहे. कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २०, आणि कोणत्याही एका वर्षात ३०.

टीएलडी बॅज (कर्मचाऱ्याला मिळालेला डोस नोंदवणारा बिल्ला) डिके रूमच्या खुंटीला लटकवून ठेवू नका. तिमाहीच्या शेवटी येणारा मोठा आकडा मग माणसाचा असतो की खुंटीचा, ते कुणालाच सांगता येत नाही.

आठवड्यातून एकदा फेरी: गळती, फुगलेल्या पिशव्या, कुरतडल्याच्या खुणा, झाकणं, ओट्यावरचा पट्टा. पावसाळ्यात दोनदा.

सांडलं तर

माणसं बाजूला, दार बंद, आरएसओला फोन. दुहेरी हातमोजे आणि बुटांवर आवरणं घाला. शोषक कागद वरून अलगद टाका, घासू नका. पुसताना कडेकडून मध्याकडे. आयोडीनला सोडियम थायोसल्फेटचं द्रावण वापरा, ब्लीच कधीच नाही. पुसलेला प्रत्येक कागद त्या समस्थानिकाच्या पिशवीत. टेक्निशियम असेल आणि डाग निघत नसेल तर वर प्लॅस्टिक चिकटवून दोन-तीन दिवस जागा बंद ठेवणं हे दिवसभर घासत बसण्यापेक्षा शहाणपणाचं.

टप्पा ६. मोकळं करण्याचं मोजमाप

इथली एक चूक इतकी सरसकट होते की ती आधी सांगतो. डिके रूममध्येच उभं राहून बॅकग्राउंड घेतात आणि तिथेच पिशवी मोजतात. भोवताली वीस पिशव्या असताना बॅकग्राउंड ०.८ येतं, हातातली पिशवीही ०.८ दाखवते, आणि गरम, म्हणजे अजून किरणोत्सारी असलेली, पिशवी 'बॅकग्राउंडएवढी' ठरून बाहेर जाते.

१. मोजण्याची जागा डिके रूमपासून, हॉट लॅबपासून आणि इंजेक्शन घेतलेल्या रुग्णांच्या खोलीपासून लांब निवडा. ग्रॅनाइटचा ओटाही नको, त्याचं स्वतःचं वाचन असतं. लाकडी टेबल उत्तम.
२. रिकाम्या टेबलावर बॅकग्राउंड घ्या. साधारण ०.१ ते ०.२ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास यावं. जास्त आलं तर आधी कारण शोधा.
३. पिशवी शिशाच्या आवरणातून पूर्ण बाहेर काढा. आवरणासकट मोजलेली पिशवी मोजलेली धरत नाहीत.
४. प्रोब पृष्ठभागाला जवळजवळ लावून सर्व बाजूंनी सावकाश फिरवा. तळ विसरतात. जड वायल आणि सुया तळाशीच असतात. मीटरला आकडा दाखवायला काही सेकंद लागतात. भरभर फिरवलेला हात गरम जागा ओलांडून जातो.
५. सर्वांत जास्त वाचन लिहा, सरासरी नाही.
६. बॅकग्राउंडपासून वेगळं ओळखू येत नसेल तर मोकळी. शंका असेल तर अजून एक अर्धायुष्य.

अडलेली पिशवी फोडून आतली 'ती एक वस्तू' शोधायचा मोह होतो. धारदार वस्तूंच्या पिशवीत तर अजिबात नको. परत ठेवा, तारीख पुढे ढकला, नोंद करा.

टप्पा ७. चिन्ह काढा, मग रंगीत पिशवी

मोकळी झालेली वस्तू आता साधा जैववैद्यकीय कचरा. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम किरणोत्सारी कचऱ्याला लागू नाहीत, पण मोकळं केल्या क्षणापासून लागतात. कापूस, दूषित कपडे आणि उष्टं पिवळ्या पिशवीत, सिरिंज-नळ्यांचं प्लॅस्टिक लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात. प्रक्रियेविना ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. म्हणून कचरा नेणारी गाडी कधी येणार ते आधी विचारा, मग मोकळं करा. मुसळधार पावसात, घाटात दरड आली की गाडी दोन-तीन दिवस येत नाही. डिके रूममध्ये पिशवी आणखी चार दिवस राहिली तर काही बिघडत नाही. बाहेर काढून ठेवली तर बिघडतं.

तीन पाकळ्यांचं चिन्ह आणि जुनी चिठ्ठी प्रत्येक पिशवीवरून, वायलवरून, डब्यावरून काढा किंवा पूर्ण काळी करा. चिन्ह तसंच राहिलं तर प्रक्रिया केंद्र गाडी थांबवतं, पोलिसांना फोन जातो, आणि निरुपद्रवी पिशवीसाठी सगळं रुग्णालय दिवसभर उत्तरं देत बसतं. उलटही तितकंच खरं: साध्या कचऱ्यावर जुना स्टिकर चिकटवण्याची सवय लागली की खऱ्या चिन्हाला कुणी घाबरत नाही.

टप्पा ८. डिले टँक

आयोडीन-१३१ चा ३० मिलिक्युरीपेक्षा जास्त डोस दिलेला रुग्ण वॉर्डात दाखल राहतो आणि त्याच्या संडासाचं पाणी डिले टँकमध्ये, म्हणजे किरणोत्सार उतरेपर्यंत पाणी धरून ठेवणाऱ्या टाकीत, जातं. किमान दोन टाक्या: एक भरते, तेव्हा दुसरी निवते. सोडण्याची मर्यादा आयोडीन-१३१ साठी घनमीटरला २२.२ मेगाबेकरेल (बेकरेल हेही क्युरीसारखंच एकक).

एक हिशेब. ६ घनमीटरची टाकी बंद करताना तिच्यात २०,००० मेगाबेकरेल आहेत, म्हणजे घनमीटरला सुमारे ३,३३०. ते २२.२ वर यायला दीडशेपट उतरायला हवं, म्हणजे सव्वासात अर्धायुष्यं, ५८ दिवस. रोज १०० लिटर पाणी धरून दुसरी टाकी ६० दिवसांत भरते. जेमतेम बसलं.

आता पाऊस. मॅनहोलच्या झाकणातून, तडा गेलेल्या सांध्यातून किंवा चुकून जोडलेल्या पन्हाळीच्या पाइपातून रोज ६० लिटर आत आलं तर दुसरी टाकी ३८ दिवसांत भरते. पहिलीला ५८ हवे असतात, मिळतात ३८. मग पाणी सोडायचं की वॉर्ड बंद करायचा, हा प्रश्न ऐन जुलैत उभा राहतो.

- रोज सकाळी पातळी लिहा. वॉर्ड रिकामा असताना पातळी वाढली तर पाणी बाहेरून येतंय.
- टाकीभोवतीच्या खड्ड्यात पावसाळ्यात झिरपा साचतो. तो पंपाने गटारात काढण्याआधी *मोजा*. गळती असेल तर ती पहिल्यांदा इथेच दिसते.
- जमिनीखालची रिकामी टाकी भूजल चढल्यावर वर उचलली जाते आणि पाइपाचे सांधे तोडते. पावसाळ्यात दोन्ही टाक्या एकदम रिकाम्या ठेवू नका. टाकी खाली पायाला घट्ट जखडलेली नसेल तर हे आणखी महत्त्वाचं.
- सोडण्याआधी हिशेब, मग पाणी ढवळून घेतलेला नमुना, मग आरएसओची सही. सोडताना सावकाश.

वॉर्डातल्या रुग्णाला सांगा: पुरुषांनीही बसून लघवी करायची, दोन-तीनदा फ्लश, पण टिशू, पॅड, कापूस भांड्यात टाकायचे नाहीत. ते पंपात अडकतात, आणि पंप उघडणारा फिटर हा साखळीतला नकळत सर्वांत मोठा धोका पत्करणारा माणूस ठरतो.

टप्पा ९. जनरेटर आणि सीलबंद स्रोत

मॉलिब्डेनम-टेक्निशियमचा जुना जनरेटर साधारण महिनाभर बाजूला ठेवा, मग मोजा. परतीचा करार असेल तर पुरवठादाराकडे पाठवा. आतलं शिसं भंगारात चांगल्या भावाने जातं, म्हणून कुलपाबाहेर ठेवलेला जनरेटर टिकत नाही. जर्मेनियम-गॅलियमचा जनरेटर निववण्याच्या भानगडीत पडू नका, तो परतच जातो.

कोबाल्ट-५७ ची फ्लड शीट (कॅमेरा तपासायचा सपाट स्रोत), सीझियम-१३७ चा चेक सोर्स, इरिडियम-१९२: सीलबंद स्रोत कचऱ्याच्या रस्त्याने कधीच जात नाहीत. पुरवठादाराकडे परत, एईआरबीच्या परवानगीने, मंजूर पॅकेजमध्ये, कागदांसह. घाट उतरून मुंबईला निघालेल्या कुणाच्या गाडीत नाही, एस.टी.च्या पार्सलने तर नाहीच. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एका विद्यापीठाने लिलावात काढलेल्या यंत्रातला कोबाल्ट-६० फोडला गेला आणि एकाचा जीव गेला. अडगळ काढताना रजिस्टरमधला प्रत्येक स्रोत हाताने मोजून जुळवा.

टप्पा १०. घरी गेलेला रुग्ण

घरी सोडल्यावरही रुग्णाचे डायपर, पॅड, घामाचे कपडे काही दिवस मीटरवर वाजतात. कोकणातल्या घरात तीन गोष्टी हमखास होतात: पिशवी पातेऱ्याबरोबर परसात जाळतात, माडाच्या आळ्यात पुरतात, किंवा विहिरीजवळच्या खड्ड्यात टाकतात. तिन्ही लेखी बंद करा. पिशवी झाकणाच्या डब्यात, मुलांच्या आणि जनावरांच्या हाताबाहेर, आरएसओने लिहून दिलेल्या तारखेपर्यंत राहू दे. ती घरून घंटागाडीत द्यायची की रुग्णालयात परत आणायची, हेही त्याच कागदावर, मराठीत, मोठ्या अक्षरांत. कपडे वेगळे धुवायचे, दोनदा. शोषखड्डा आणि विहीर यांत किती अंतर आहे ते दाखल करतानाच विचारा. रुग्ण घरी गेल्यावर ते विचारून उपयोग नाही.

आणि उपचाराची तारीख देताना दिनदर्शिका उघडा. चतुर्थीच्या आठवडाभर आधी घरी सोडलेल्या रुग्णाच्या घरी चाकरमानी आलेले असतात, एका खोलीत सहा माणसं झोपतात, मांडीवर नातवंडं असतात, आणि 'लहान मुलांपासून लांब राहा' ही सूचना पहिल्याच संध्याकाळी मोडते. तारीख दोन आठवडे मागे-पुढे सरकवता येते का, हे आरएसओने डॉक्टरांना विचारायचं.